निकाल लागला, ताबा बाकी
(लघुमाहितीपटाचे निवेदन)

(दृश्य: नागपूर, इतवारी. मारबतीची मिरवणूक.)

"ईडा, पीडा, रोगराई, घेऊन जा गे मारबत!"

तान्हा पोळा. इतवारीच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. एकीकडून काळी मारबत, दुसरीकडून पिवळी, वाईटाचे हे मोठाले पुतळे, आणि मागून त्यांचे सोबती पुतळे, बडगे. बडग्यांच्या गळ्यात यंदाची दुखणी पाटीवर लिहून टांगलेली: महागाई, खड्डे, डेंग्यू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून नागपूर दर वर्षी वाईटाला असं वाजतगाजत गावाबाहेर नेतं आणि जाळतं. पुढच्या वर्षी ते पुन्हा हजर असतं. पाटी तेवढी बदललेली असते.

हे पुन्हा येणं कधी थांबणार आहे का? याच शहरातली ख्रिस्ती मंडळी वर्षातून एका रात्री या प्रश्नाला मोठ्या आवाजात उत्तर देतात.

(दृश्य: सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल. रात्र. अंधार.)

पवित्र शनिवार, ईस्टरच्या आदली रात्र. फरशी अजून दिवसभराच्या उन्हाने तापलेली आहे. आतले दिवे बंद. कूलरही बंद, पण ते आमच्यासाठी: आवाज नीट रेकॉर्ड व्हावा म्हणून. नागपूरच्या उन्हाळ्यात हे मागणं सोपं नव्हतं. लोकांनी पदराने, पुस्तिकेने वारा घेतला आणि निभावून नेलं.

गुरुवारच्या संध्याकाळपासून घंटा वाजलेली नाही. आलेलुया हा स्तुतीचा जयघोष तर ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस कोणाच्या ओठावर आलेला नाही.

(दृश्य: अंगणात घमेल्यातली आग. जवळून.)

सुरुवात आगीने होते, तीही नव्याने पेटवलेल्या. फादरांपुढे पास्काची, म्हणजे ईस्टरची, मेणबत्ती धरलेली आहे, जवळजवळ पुरुषभर उंच. हातातल्या टोकदार सळईने ते मेणात आधी उभी रेघ ओढतात, मग आडवी. क्रूस झाला. वर ग्रीक वर्णमालेतलं पहिलं अक्षर अल्फा, खाली शेवटचं, ओमेगा. क्रूसाच्या चार कोनांत चालू सालाचे चार आकडे. सगळा काळ ख्रिस्ताचा, आणि हे वर्षही त्याचंच, असा या खुणांचा अर्थ. आपण ज्या वर्षाला शिव्या घालत असतो, तेसुद्धा.

मग धूपाचे पाच दाणे. दोन हातांच्या, दोन पायांच्या आणि कुशीच्या जखमेसाठी एकेक. आमच्या कॅमेऱ्यात इथे एक दाणा निसटून खाली पडतो, आणि वेदीसेवक पोरगा तो उचलून शर्टाला पुसून परत देतो. हा तुकडा कापायचा नाही, असं आम्ही एडिटिंगच्या पहिल्याच दिवशी ठरवलं.

मेणबत्ती पेटते. मिरवणूक अंधारात शिरते आणि तीनदा थांबते.

"ख्रिस्ताचा प्रकाश!"
"देवाला धन्यवाद!"

पहिल्या हाकेला जळते ती एकच वात. दुसऱ्या हाकेनंतर ज्योत एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ लागते. बघा, कोणी कोणाकडे बघत नाही, सगळे वातीकडे बघतात.

(निवेदन थांबते. फक्त दृश्य.)

रात्री बायबलच्या जुन्या करारातली सात वाचनं असतात. आमच्याकडे एकच आहे, बाकीच्या वेळी बॅटरी संपली होती. पण जे आहे ते वगळता न येणारं आहे, उपासनेतही आणि इथेही. निर्गम, अध्याय १४. इजिप्तच्या गुलामीतून निघालेले इस्राएल लोक, मागे राजा फारोचे रथ, पुढे समुद्र, आणि पाण्यातून निघालेली वाट.

बायबलमध्ये समुद्र हा नुसता समुद्र नसतो. तिथे गोंधळ राहतो, तिथूनच प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं श्वापद वर येतं. ते पुस्तक लिहिणारा योहान पात्म बेटावर होता. चारी बाजूंचं पाणी म्हणजे तुरुंगाची भिंतच. म्हणून त्याला नवं आकाश आणि नवी पृथ्वी दिसली तेव्हा त्याने एक गोष्ट मुद्दाम नोंदवली: समुद्र उरला नव्हता.

(दृश्य: सिव्हिल लाइन्स, हिस्लॉप कॉलेजचे फाटक.)

हे नाव रोज हजारो विद्यार्थी घेतात. स्टीफन हिस्लॉप, स्कॉटलंडचा मिशनरी. दगडांचा आणि जीवाश्मांचा नाद असा, की एका खनिजाला पुढे हिस्लोपाइट नाव पडलं. १८६३ चा भर पावसाळा. टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना ४ सप्टेंबरला तो पुराच्या पाण्यात बुडाला. पंचेचाळिसाव्या वर्षी. वीस वर्षांनी, १८८३ मध्ये, त्याच्या स्मरणार्थ हे कॉलेज निघालं.

समुद्र उरला नव्हता, हे वाक्य नागपूरच्या मंडळीने असंही ऐकलेलं आहे.

(दृश्य: पुन्हा कॅथेड्रल. बाप्तिस्म्याचे पाणी.)

पास्काची मेणबत्ती पाण्यात बुडवून वर काढतात. त्यानंतर या रात्रीतले सगळ्यात रोखठोक प्रश्न येतात.

"तुम्ही सैतानाचा त्याग करता का?"
"होय, करतो."
"त्याच्या सर्व कृत्यांचा?"
"होय, करतो."

समोरच्या रांगेतल्या आजी "करते" म्हणतात, बाकीच्यांच्या आधी, ठासून.

या होकारातूनच इथे शाळा उभ्या राहिल्या, १८९६ मध्ये सीताबर्डीचं मुर मेमोरियल हॉस्पिटल उभं राहिलं, असं बरंच काही. तो विषय वेगळ्या फिल्मचा.

(दृश्य: जरीपटका, ख्रिस्ती दफनभूमी. २ नोव्हेंबर, संध्याकाळ.)

मृतांच्या स्मरणाचा दिवस. खुरप्याने गवत काढलंय, चुना मारलाय, झेंडूची रास आहे. जुन्या प्रथेने थडग्यात पाय पूर्वेकडे ठेवतात. मेलेले पुन्हा उठतील त्या दिवशी माणसाचं तोंड उगवतीकडे असावं म्हणून.

एका दगडावर ख्रिस्ताचा प्रेषित पौल याचे शब्द कोरलेत: "अरे मरणा, तुझी नांगी कोठे?"

त्या दगडापाशी बसलेले हे काका कोर्टात बेलीफ होते, म्हणजे निकालानंतर जागेचा ताबा मिळवून देणारे. आम्ही त्यांना सरळच विचारलं: काका, ख्रिस्त जिंकला म्हणता, मग ही एवढी थडगी कशी?

ते हसले. म्हणाले, "डिक्री वेगळी, ताबा वेगळा. निकाल लागला तरी हरलेला माणूस घर सोडत नाही. दार लावून बसतो, नळ तोडतो, शिव्या देतो. मी जन्मभर हेच पाह्यलं. पण घर त्याचं राह्यलेलं नसते, आणि ते त्यालाही माहीत असते."

ताबा कधी मिळणार, काका?

"तारीख बेलीफाला सांगत नाहीत. बोलावलं का निघायचं."

धर्मशास्त्र शिकलेली मंडळी यावर जाड ग्रंथ लिहितात: विजय झालेला आहे, पूर्ण व्हायचा आहे. आम्हाला काकांचं पुरेसं वाटलं.

(दृश्य: दगड, जवळून.)

डाव्या बाजूला काकूंचं नाव, दोन तारखा. उजवी बाजू कोरी आहे. पाथरवटाने जागा मोजून सोडली आहे.

वाऱ्याने काकांची मेणबत्ती विझते. खिशात काडेपेटी आहे, पण ते ती काढत नाहीत. शेजारच्या थडग्यापाशी जातात, तिथल्या अनोळखी पोरीला विचारतात, तिच्या ज्योतीवर आपली वात धरतात आणि तळवा आडवा लावून सावकाश परत येतात.