चल, काही नाही तिथं

साल १९६०. पूर्व आफ्रिकेतलं गोंबेचं जंगल. वारुळापाशी एक चिंपांझी बसलाय. गवताची काडी भोकात घालतो, जरा थांबतो, अलगद बाहेर ओढतो. काडीला चावून धरलेली वाळवी ओठांनी टिपतो. काडी पुन्हा आत. कधी डहाळी मोडून तिची पानं ओरबाडतो. म्हणजे हत्यार वापरतो, आणि घडवतोसुद्धा.

दुरून हे पाहणाऱ्या संशोधक जेन गुडॉल यांनी आपले मार्गदर्शक, मानववंशशास्त्रज्ञ लुई लीकींना कळवलं. हत्यार घडवतो तो माणूस, अशी तोवरची समजूत. लीकींच्या उत्तराचा आशय असा: आता हत्याराची व्याख्या बदला, माणसाची बदला, नाहीतर चिंपांझीला माणूस म्हणा.

डार्विन तर १८७१ मध्येच सांगून गेला होता, माणसाच्या आणि प्रगत प्राण्यांच्या मनातला फरक कमी-जास्तीचा आहे, मुळातला नव्हे. पण माणूस आणि प्राणी यांच्यामधली रेघ आपण पुसली नाही. पुढे सरकवली. हत्यारं राहू देत, म्हटलं, ‘मी’ची जाणीव आहे का त्यांना?

१९७० मध्ये मानसशास्त्रज्ञ गॉर्डन गॅलप यांनी त्यासाठी आरसा वापरला. आरशाला सरावलेल्या चिंपांझींना भूल देऊन भुवईवर, कानावर लाल रंग लावला. जागे झाल्यावर आरशात पाहत त्यांची बोटं गेली ती स्वतःच्या भुवईकडे.

पास!

२०१९ मध्ये क्लीनर रास नावाचा बोटाएवढा मासा आरशापुढे आला. गळ्याखालचा तपकिरी ठिपका दिसल्यावर तळाशी जाऊन गळा घासू लागला. आता मात्र परीक्षेतच खोट आहे का, अशी चर्चा रंगली. चिंपांझी पास होईपर्यंत परीक्षा बरी होती म्हणायची.

कुत्रा आरशात नापास होतो. पण आरसा डोळ्यांचा, कुत्र्याचं जग नाकातलं. २०१७ मध्ये कुत्र्यांच्या अभ्यासक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. कुत्र्यांना त्यांच्याच मूत्राचा वास दिला, एकदा तसाच, एकदा दुसरा वास मिसळून. बदललेल्या स्वतःच्या वासापाशी ते जास्त रेंगाळले. या परीक्षेला आपण बसलो, तर कोरा पेपर देऊन येऊ.

फिरायला निघालेला कुत्रा खांबापाशी थबकतो. नाकपुड्या थरथरतात. इंचभर वर, पुन्हा खाली, पुन्हा त्याच जागी. कोण येऊन गेलं, किती वेळ झाला, ओळखीचं की परकं? पट्टा ताणला तरी हलत नाही.

पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला आपण. घड्याळ बघतो आणि म्हणतो, “चल रे, काही नाही तिथं.”