पट्टी दिसली, पण कशाची?

(दृश्य: बडोदं, कमाटीबागेजवळचा रस्ता. मग प्रयोगशाळेतला डीप फ्रीझर.)

महाराजा सयाजीराव विद्यापीठ इथून हाकेच्या अंतरावर. दांडिया बाजारातल्या मराठी घरातली एक संशोधक तिथे मेंदूच्या पेशींवर काम करते. तिच्या हातातल्या इवल्याशा कुपीत सशाच्या शरीरात तयार झालेली अँटिबॉडी आहे, म्हणजे ठरावीक जागीच चिकटणारं प्रथिन. ही अँटिबॉडी शोधते कॅमकायनेज-टू या प्रथिनावरचा एकच फॉस्फेट. (कायनेज म्हणजे इतर प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारं प्रथिन.)

चेतापेशीत कॅल्शियम शिरलं की कॅल्मोड्युलिन नावाचं प्रथिन त्याला धरतं आणि या कायनेजला जागं करतं. 12 उपघटकांचं हे प्रथिन. एक जागा झाला की शेजारच्याच्या साखळीतल्या 286 व्या जागेवरच्या थ्रिओनीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवतो. मग कॅल्शियम ओसरलं तरी काम थांबत नाही. 1998 मध्ये उंदरांत हे एकच थ्रिओनीन बदलून पाहिलं, तर त्यांना पाण्याखाली लपवलेला चौथरा कुठे आहे हे शिकताच येईना!

(दृश्य: बर्फात ठेवलेल्या नळ्या.)

मेंदूचा नमुना बर्फावरच वाटून बारीक करायचा, आणि फॉस्फेटेजला, म्हणजे फॉस्फेट काढून टाकणाऱ्या प्रथिनांना, रोखणारी द्रव्यं आधीच घालायची. नाहीतर पेशी फुटताच फॉस्फेट उतरायला लागतो. पुढे वेस्टर्न ब्लॉट: जेलमध्ये प्रथिनं आकारानुसार वेगळी करायची, मेम्ब्रेनवर उतरवायची, आणि अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून मोकळ्या जागा दुसऱ्या प्रथिनाने झाकायच्या, म्हणजे ब्लॉकिंग. इथे नवखे हमखास दूध पावडरच्या डब्याकडे वळतात.

“अगं, दूध नको, बीएसए घे, गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन.”

“का हो ताई?”

दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेटवालं प्रथिन, अँटिबॉडी त्यालाही चिकटू शकते, म्हणून. काही अँटिबॉडी दुधातही छान चालतात म्हणा. पण ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

रात्रभर 4 अंशांवर अँटिबॉडी. सकाळी धुणं, पहिलीला चिकटून ती दाखवणारी दुसरी अँटिबॉडी, कॅमेरा. 50 किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं माप) आसपास या कायनेजचा अल्फा प्रकार, 60 जवळ बीटा. पट्टी उमटली!

पण ती फॉस्फेटचीच कशावरून? त्याच नमुन्याचा थोडा भाग फॉस्फेटेज लावून चालवायचा. त्यात पट्टी गेली पाहिजे, आणि एकूण कॅमकायनेज दाखवणाऱ्या अँटिबॉडीने मात्र दोन्हीकडे सारखीच पट्टी दिली पाहिजे. या जोडीशिवाय छापलेला आलेख कितीही देखणा असो, आम्हाला तो अर्धवटच वाटतो.

ससा बदलला की अशी अँटिबॉडीही थोडी बदलते. म्हणून ताईच्या वहीत प्रत्येक ब्लॉटपुढे अँटिबॉडीचा लॉट नंबर, म्हणजे कुपी कुठल्या खेपेची ते, असतो. जुनी कुपी संपायच्या आत नवी मागवून, दोन्ही एकाच नमुन्यावर चालवून बघतात.