महाधमनीतला फुगा

(पडद्यावर: हृदयापासून ओटीपोटापर्यंत उतरणाऱ्या महाधमनीचं रेखाचित्र)

हातापायाची जखम दाबून धरता येते, वर पट्टा आवळता येतो. पण रक्त पोटात वाहत असेल, तर आवळणार कुठे?

कोरियन युद्धात अमेरिकी लष्करातले सर्जन कार्ल ह्यूज यांनी मरणाच्या दारात असलेल्या जवानांच्या महाधमनीत फुगा सरकवला आणि रक्ताची वाट आतूनच अडवली. जवान वाचले नाहीत. १९५४ मध्ये ह्यूज यांनी हा अनुभव प्रसिद्ध केला. पुढे कितीतरी वर्षं तो बाजूलाच पडून होता.

आज या उपायाला रिबोआ म्हणतात. जांघेतल्या धमनीत सुई, तिच्या वाटेने नळी, नळीवर मिटलेला फुगा. ऐकायला सोपं! पण रक्तदाब कोसळलेला असताना नाडी बोटांना लागत नाही. धमनी सोनोग्राफीवर शोधावी लागते. रक्तस्राव पोटात असेल तर फुगा छातीतल्या महाधमनीत फुगवतात, ओटीपोटात असेल तर मूत्रपिंडांच्या धमन्यांच्या खाली. उरलंसुरलं रक्त मग हृदयाला आणि मेंदूला मिळतं.

पण खाली आतडी, मूत्रपिंडं, पाय उपाशी राहतात. वरच्या जागी फुगा जेमतेम अर्धा तास ठेवावा, असं मानतात. तो उतरवणंही जोखमीचंच. खाली साचलेलं आम्ल आणि पोटॅशियम एकदम हृदयाकडे धावतं.

(पडद्यावर: लंडन, हवाई रुग्णवाहिका)

२०१४ मध्ये लंडनच्या हवाई रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनी उंचावरून पडलेल्या एका रुग्णावर जागेवरच रिबोआ केला. हॉस्पिटलबाहेर असं जगात पहिल्यांदाच घडत होतं. रुग्ण वाचला, आणि साहजिकच आशा वाढल्या.

त्या आशा २०२३ मध्ये खाली आल्या. ब्रिटनमधल्या १६ ट्रॉमा सेंटरांत ९० रुग्णांवर चाचणी झाली. रिबोआच्या गटातले ५४ टक्के रुग्ण ९० दिवसांत दगावले, नेहमीच्या उपचारांच्या गटातले ४२ टक्के. चाचणी मुदतीआधीच थांबवली. गंमत म्हणा की दुर्दैव, रिबोआच्या गटातल्या निम्म्याहून जास्त रुग्णांमध्ये फुगा फुगवलाच गेला नव्हता. शिवाय रक्तस्राव कायमचा थांबवणारी शस्त्रक्रिया या गटात उशिरा सुरू झाली. आकडा लहान आहे, मान्य. तरी संशय फुग्याइतकाच त्याच्या खटपटीत गेलेल्या मिनिटांवर जातो.

फुगा अजून मोडीत निघालेला नाही. काही ठिकाणी तो पूर्ण न फुगवता थोडं रक्त खाली जाऊ देतात. आणि जांघेत सुई घालण्याआधी विचारतात: ऑपरेशन थिएटर तयार आहे का?