ओसाकातल्या दोन रात्री, टोकियोतली एक

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय डीप पर्पल या ब्रिटिश बँडच्या 'मेड इन जपान' या रेकॉर्डबद्दल. १९७२च्या ऑगस्टमध्ये हा बँड जपानच्या दौऱ्यावर होता. १५ आणि १६ तारखेला ओसाकाच्या फेस्टिव्हल हॉलमध्ये आणि १७ला टोकियोच्या बुदोकानमध्ये त्यांचे कार्यक्रम झाले. त्या तीन रात्रींतून निवडलेली सात गाणी दोन तबकड्यांवर बसवली. गाणी सातच, पण वाजतात सव्वा तास!

गंमत म्हणजे बँडला ही रेकॉर्ड काढायची फारशी हौसच नव्हती. आग्रह होता जपानमधल्या रेकॉर्ड कंपनीचा. बँडने होकार दिला तो अटी घालून: ध्वनिमुद्रण आमचाच माणूस करणार आणि बाजारात काय जायचं ते आम्ही ठरवणार. हा माणूस म्हणजे मार्टिन बर्च. पुढे आयर्न मेडन या हेवी मेटल बँडच्या रेकॉर्ड्सनी ज्याचं नाव गाजलं, तोच. हाताशी आठ ट्रॅकचं यंत्र होतं, आणि ऑर्गन वाजवणाऱ्या जॉन लॉर्डच्या सांगण्यानुसार एकूण खर्च आला अवघा तीन हजार डॉलर. नंतर मिक्सिंगच्या वेळी पाच जणांपैकी फिरकले दोघेच, बेस वाजवणारा रॉजर ग्लोव्हर आणि ड्रमर इयन पेस.

मला वाटतं, ही बेफिकिरीच पथ्यावर पडली. त्या काळातल्या कितीतरी 'लाइव्ह' रेकॉर्ड्स पुढे स्टुडिओत नेऊन दुरुस्त केल्या जायच्या; चुकलेला सूर पुन्हा गायचा, गिटार पुन्हा वाजवायची. इथे तसलं काही झालं नाही. जे वाजलं ते आलं.

पहिलंच गाणं घ्या, 'हायवे स्टार'. हे जन्मलं १९७१मध्ये, पोर्ट्समथला जाणाऱ्या बसमध्ये. तुम्ही गाणी रचता तरी कशी, असं एका पत्रकाराने विचारलं. रिची ब्लॅकमोरने गिटारवर एकच सूर छेडत ठेवला, इयन गिलन त्यावर सुचेल ते शब्द गाऊ लागला, आणि त्याच रात्री ते मंचावर वाजलंसुद्धा. ओसाकाला पोचेपर्यंत ते चांगलं मुरलं होतं. सुरुवातीला पेसचा स्नेअर, म्हणजे तडतडणारा छोटा ड्रम, ऐका. बाकीचे एकेक करून येतात आणि गिलनची पहिली किंकाळी येईपर्यंत गाडी पुरती वेगात असते.

'स्ट्रेंज काइंड ऑफ वूमन'च्या शेवटी शेवटी ब्लॅकमोर गिटारवर एक तुकडा टाकतो, गिलन तोच गळ्यातून परत करतो. आपल्याकडे सतार-तबल्याचे सवाल-जवाब रंगतात तसंच. तुकडे वर वर चढत जातात, आणि गळा कुठे हार मानेल असं वाटत असतानाच गिलन अशी लांबलचक किंकाळी फोडतो की गिटारच गप्प बसते.

आणि 'चाइल्ड इन टाइम'. बारा मिनिटांचं. सुरुवातीला नुसता ऑर्गन आणि हलका आवाज. त्याच वर्षी लंडनच्या रेनबो थिएटरमधल्या यांच्या कार्यक्रमात ११७ डेसिबल मोजले गेले आणि 'जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड' म्हणून गिनीज बुकात नोंद झाली. तोच बँड इथे इतका हळू वाजवू शकतो, कारण समोरचे लोक ऐकतायत. जपानी श्रोत्यांना या रेकॉर्डचं निम्मं श्रेय द्यावं असं मला नेहमी वाटतं. 'स्मोक ऑन द वॉटर'च्या सुरुवातीला मात्र तेच टाळ्यांनी ठेका धरतात. स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोचा कॅसिनो डिसेंबर १९७१मध्ये अमेरिकी संगीतकार फ्रँक झप्पाच्या कार्यक्रमात जळाला, त्यावरचं हे गाणं. या रेकॉर्डवर १५ तारखेचं असं हे एकच आहे.

'द म्यूल' मी कधीकधी वगळतो. पेस हा डावखुरा, अफलातून ड्रमर, वाद नाही. पण ड्रमची एवढी लांब एकट्याची बैठक मंचासमोर जेवढी रंगते तेवढी घरात रंगत नाही. याउलट 'स्पेस ट्रकिन''. स्टुडिओत साडेचार मिनिटांचं हे गाणं इथे वीस मिनिटांचं होतं आणि तबकडीची एक अख्खी बाजू खातं. लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल अँप्लिफायरमधून वाजवायचा. त्यामुळे मधल्या धुमश्चक्रीत ऑर्गन कुठला आणि गिटार कुठली, हे ओळखताना कान चक्रावतात.

डिसेंबर १९७२मध्ये रेकॉर्ड ब्रिटनमध्ये आली. त्याच सुमारास गिलनने राजीनामा दिला होता. जून १९७३मध्ये ओसाकातच तो शेवटचं गायला, आणि ग्लोव्हरही त्याच्याबरोबर बाहेर पडला. एकमेकांशी पटेनासं झालेले हे पाच जण मंचावर इतकं जुळवून कसं घेत होते, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

१९९३मध्ये तिन्ही रात्रींचं मुद्रण तीन सीडींवर आलं. एकच गाणं तीन वेळा ऐकलं की कळतं, ब्लॅकमोर एकदा वाजवलेला सोलो दुसऱ्या रात्री तसाच्या तसा वाजवत नाही. पण सुरुवात मूळ सात गाण्यांपासूनच करा, आणि शेजारी घरी नसतील अशी वेळ गाठा.