अस्मारा: कळसूबाईपेक्षा उंच, पूर्णपणे रोखीवर

कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. पूर्व आफ्रिकेतल्या इरिट्रियाची राजधानी अस्मारा त्याहून जवळपास सातशे मीटर वर, सुमारे २,३२५ मीटरवर आहे. पण ती वसलीय सपाट पठारावर, त्यामुळे विमानातून उतरताना आपण डोंगरावर आलोय हे कळतच नाही. कळतं ते हॉटेलचा दुसरा जिना चढताना. पहिला दिवस सावकाश काढा, पाणी भरपूर प्या, बिअर दुसऱ्या दिवशी. पाणी इथे साधारण ९२ अंशांना उकळतं, तेव्हा खोलीतल्या किटलीत डाळतांदूळ शिजवायचा बेत असेल तर घरीच सोडून या. दिवसा ऊन बोचतं, डिसेंबर-जानेवारीत रात्री स्वेटर लागतो, आणि जुलै-ऑगस्ट पावसाचे.

आता कंटाळवाणा पण निर्णायक भाग: कागद आणि पैसे. अस्मारात लोकांची सहल फसते ती चोरामुळे नाही की आजारामुळे नाही, ती याच दोन गोष्टींनी. व्हिसा आधी काढायचा, दिल्लीत दूतावास आहे. विमानतळावर मिळेल या भरवशावर जाऊ नका. वाटेत पीतज्वराच्या (यलो फीवर) यादीतल्या देशात विमानतळाबाहेर पडणार असाल, तर लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी अधिकृत केंद्रात घ्या. दाखला त्याआधी वैध धरत नाहीत, आणि परतताना भारतातच तो मागतात.

पैसे म्हणजे नाकफा. अधिकृत दर डॉलरला १५. परदेशी कार्ड चालतील अशी एटीएम नाहीत, दुकानात कार्ड नाही, यूपीआयचा तर प्रश्नच नाही. राहण्याखाण्याचा, गाडीचा, परवान्यांचा हिशोब करून सगळी रक्कम डॉलरमध्ये न्या, आणि वर एक तृतीयांश जास्त. नोटा कोऱ्या, न फाटलेल्या, शाई न लागलेल्या. अधिकृत केंद्रावरच बदला आणि पावती जपून ठेवा. रस्त्यावर कोणी चढा दर सांगितला तर तो गुन्हा आहे हे लक्षात असू द्या. एकदम सगळं बदलून घेऊ नका, कारण उरलेला नाकफा देशाबाहेर कोणी घेत नाही.

फोनचं रोमिंग विसरा. इंटरनेट कॅफे आहेत, वेग जेमतेम. नकाशे, आरक्षणं, व्हिसाची प्रत हे सगळं मुंबईतच डाउनलोड करून शिवाय कागदावर छापून घ्या. आपल्याकडचा तीन जाड गोल पिनांचा प्लग तिथल्या भिंतीत बसत नाही. बारीक दोन पिनांचा चार्जर चालतो.

इतकं झालं की शहर तुमचं. इटलीची वसाहत असताना घडलेलं हे शहर पायीच पाहायचं. हार्नेट अॅव्हेन्यूवर ताडांची रांग, १९२३ चं विटांचं कॅथलिक कॅथेड्रल, आणि पुढे १९३७ चं सिनेमा इम्पेरो, दर्शनी भागावर उभ्या ओळींत गोल दिवे बसवलेलं. थोडं उत्तरेला १९३८ ची मोठी मशीद. दक्षिणेला सेमातात अॅव्हेन्यूवर फियाट तालिएरो: पेट्रोल पंप, पण विमानाच्या आकाराचा. जुझेप्पे पेतात्सी या अभियंत्याने १९३८ मध्ये काँक्रीटचे दोन पंख खांबाशिवाय, प्रत्येकी सुमारे १५ मीटर बाहेर काढले. टेकू काढायला घाबरणाऱ्या कंत्राटदारावर त्याने पिस्तूल रोखल्याची गोष्ट सांगतात. गोष्ट म्हणूनच ऐका. इमारत मात्र समोरच्या बाजूने, नाकाच्या रेषेत उभं राहून बघा. बाजूने पाहिलं तर पंखांचा तोल कळत नाही.

हे सगळं टिकलं कसं? जपायचं ठरवून नव्हे. दशकानुदशकं युद्ध आणि टंचाई, त्यामुळे पाडून नवं बांधायला पैसाच आला नाही. २०१७ मध्ये युनेस्कोने शहराला जागतिक वारसा ठरवलं. मात्र ‘छोटं रोम’ म्हणत भारावून जाऊ नये. इटालियन आराखड्यांत गोऱ्यांची वस्ती वेगळी आणि स्थानिकांची वेगळी आखली होती. उत्तरेकडच्या मेदेबेर बाजारात जा, म्हणजे दुसरी बाजू दिसते. जुन्या पिंपांचे पत्रे ठोकून चुली, चाळण्या, तवे बनतात, शेजारीच मिरच्यांचा बेरबेरे मसाला दळतात. नाकाला रुमाल न्या. फोटो विचारून. सरकारी इमारती, सैनिक, पोलीस, विमानतळ यांचे तर काढूच नका.

शहराबाहेर पाऊल टाकायला परवाना लागतो. हार्नेटवरच्या पर्यटन कार्यालयात पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती देऊन ठिकाण आणि तारखा लिहायच्या. मोडक्या रणगाड्यांचं मैदान शहराला लागूनच आहे, तरी त्यालाही. नेहमीची चूक म्हणजे शुक्रवारी दुपारी पोचणं: मग कार्यालय उघडेपर्यंत बाहेरगाव बंद. परवान्याच्या चार-पाच प्रती ठेवा, नाक्यावर एक-एक द्यावी लागते.

लाल समुद्रावरच्या मस्सावा बंदराकडे उतरणारी रेल्वे १९११ मध्ये अस्मारापर्यंत पोचली. रूळ ९५० मिलिमीटरचे, माथेरानच्या ६१० पेक्षा रुंद, पण वळणं तशीच पोटात गोळा आणणारी. इथिओपियाविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात रूळ आणि स्लीपर खंदकांना वापरले गेले, नंतर जुन्या रेल्वे कामगारांना हाताशी धरून मार्ग पुन्हा उभारला. गाडीला वेळापत्रक नाही. गटाने पैसे भरून ठरवली तर धावते, तीही बहुधा अर्बारोबापर्यंत. एकटे असाल तर ती धरून बेत आखू नका.

त्यापेक्षा केरेन गाठा, सुमारे ९० किलोमीटर. सोमवारी जनावरांचा बाजार असतो, म्हणून रविवारचा मुक्काम सोयीचा. १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इथल्या डोंगरांवर चौथ्या आणि पाचव्या भारतीय डिव्हिजनने इटालियन फौजांशी झुंज दिली. पाचवीत मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन होती. युद्ध-स्मशानभूमीत हिंदू आणि शीख सैनिकांचं दहनस्मारक आहे. तिथली नावं सावकाश वाचा.

जेवणाची काळजी शाकाहाऱ्यांनी करू नये. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी-शुक्रवारी उपास करतात, त्या दिवशी दूध-तुपाशिवायचं जेवण सगळीकडे मिळतं. शिरो मागा: हरभऱ्याच्या पिठात बेरबेरे घालून केलेलं, आपलं पिठलंच, फक्त भाकरीऐवजी आंबवलेली, जाळीदार इंजेरा. एकाच परातीतून सगळे खातात, उजव्या हाताने.

कोणी घरी कॉफीला बोलावलं तर संध्याकाळ मोकळी ठेवा. दाणे तुमच्यासमोर भाजतात, कुटतात, जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळतात. तीन फेऱ्या होतात, अवेल, कलाय आणि बेरेका. पहिली कडक, तिसरी पातळ, आणि बेरेका म्हणजे आशीर्वाद, म्हणून तिच्याआधी उठलात तर यजमानाला वाईट वाटतं. यात तास-दीड तास सहज जातो, तेव्हा परवान्याचं काम त्या दिवशी सकाळीच उरकून घ्या.