पहिले दोन किलोमीटर

या पांढऱ्या फुग्याच्या दोरीला जी छोटी पेटी लटकते आहे, तिला रेडिओसाँड म्हणतात. वर चढताना ती तापमान, दाब आणि आर्द्रता, म्हणजे हवेतली पाण्याची वाफ, खाली कळवत राहते. जगभरात शेकडो केंद्रांवरून, बहुतेक ठिकाणी दिवसातून दोनदा, असे फुगे सुटतात. जवळपास सगळे जमिनीवरूनच. समुद्र उरतो तो उपग्रहांसाठी.

बातम्यांत दिसणारं हे राखाडी, वळणं घेत सरकणारं उपग्रहाचं चित्र वाफेचंच आहे, पण वरच्या वाफेचं. 6.3 मायक्रॉनच्या आसपासची अवरक्त किरणं वाफ इतकी शोषते की खालची वर पोहोचतच नाहीत. आणि हवेतली जवळपास निम्मी वाफ तर पहिल्या दोन किलोमीटरांत असते!

आता समुद्र मायक्रोवेव्ह लहरींमध्ये पाहा. पाणी थंड दिसतंय. ते गारठलेलं नाही. या लहरी ते कमी सोडतं, एवढंच. या थंड पार्श्वभूमीवर वाफ उजळून उठते. वाफेचा रेणू 22.235 गिगाहर्ट्झला ऊर्जा शोषतो आणि सोडतो. वर्णपटातली ही त्याची रेषा दुबळी आहे, आणि आपल्याला हवी तीही अशीच: वरची वाफ खालचीला झाकत नाही, म्हणून थेट पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतच्या सगळ्या वाफेची बेरीज मिळते. ढगांतलं पाणी आणि वाऱ्याने खवळलेल्या लाटा यांचा वाटा शेजारच्या वारंवारितांवर मोजून वजा करतात. 1972च्या निंबस-5 उपग्रहावर या रेषेवर मोजणारं उपकरण होतं. उत्तर येतं मिलिमीटरमध्ये: डोक्यावरची सगळी वाफ पाणी होऊन साचली, तर किती उंच? जगाची सरासरी साधारण 25. विषुववृत्ताजवळ 50च्याही वर.

किनारा ओलांडला की ही युक्ती अडखळते. जमीन स्वतःच या लहरींत उजळ असते; वाफेची भर तिच्यात हरवते. दिवसा परावर्तित सूर्यप्रकाशात 0.94 मायक्रॉनपाशी वाफ मोजता येते, पण ढग आले की तेही बंद.

तापमान एका अंशाने वाढलं की हवेत सुमारे 7 टक्के जास्त वाफ मावते, आणि मुसळधार पावसाला रसद तिचीच.

उपग्रह आहेत, मग फुगे कशाला, असं विचारलं जातं. बेरीज उपग्रह देतात. खालच्या थरांत ती वाफ कोणत्या उंचीवर किती, हे बारकाईने फुगाच सांगतो. तो सेकंदाला साधारण 5 मीटर चढतो. ते पहिले दोन किलोमीटर पार करायला त्याला सात मिनिटंही लागत नाहीत.