ऑफर येते, उत्तर जात नाही

मित्रांनो, आणि मागच्या रांगेत बसलेल्या कारखानदार मंडळींनो,

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या नाहीतर गणवेशाच्या एखाद्या युनिटमध्ये अकाउंट्सची जागा निघते. मुलाखती होतात, एकाला ऑफर लेटर जातं. व्हॉट्सॲपवर निळ्या टिका दिसतात आणि पुढे काहीच नाही. फोन नुसता वाजत राहतो. मग मालक म्हणतात, आजकालच्या पोरांना जबाबदारीच नाही. मला हे पटत नाही.

अशा मुलांशी मी नंतर बोलते. बहुतेकांना नकारच द्यायचा असतो. पण साहेब वडिलांच्या वयाचे, त्यातून कुणीतरी ओळखीने शब्द टाकलेला, मग नाही कसं म्हणायचं? काहींचा निर्णय घरातच अडकलेला असतो. काका म्हणतात पुण्याला जा, आई म्हणते इथंच बघ. पुण्याचं नक्की झालं की पोरगा हुतात्मा एक्स्प्रेस पकडतो, आणि इथं कळवायचं राहून जातं.

पगाराचंही कोडं असतं. लेटरमध्ये 18,000 लिहिलेले. मूळ पगार 12,000 असेल तर त्याचे 12 टक्के, म्हणजे 1,440 पीएफला. एकूण पगाराच्या 0.75 टक्के, म्हणजे 135 ईएसआयला, म्हणजे कामगारांच्या आरोग्य विम्याला. काही ठिकाणी मालकाच्या वाट्याचा पीएफही त्याच आकड्यात धरतात. हातात किती पडणार, हे विचारलं तर आपण लोभी दिसू, अशी मुलांना भीती वाटते. विचारा. कष्ट तुमचे आहेत.

कायद्याने गप्प राहणं हा गुन्हा नाही. पण 1872च्या भारतीय करार कायद्यानुसार प्रस्तावाला मुदत घातली असेल तर ती उलटली की प्रस्ताव संपतो. मुदत नसेल तर वाजवी काळ गेल्यावर. दोन महिन्यांनी ‘येऊ का सर?’ म्हणून फोन केलात, तर त्या जागेवर तुमचा हक्क उरलेला नसतो.

माझा जीव तुटतो तो यादीतल्या दुसऱ्या नावासाठी. पहिल्याचं उत्तर आलेलं नाही, म्हणून तिला ‘कळवतो’ एवढंच सांगितलेलं असतं. आई विड्या वळते, घरात पदवी घेणारी ही पहिलीच. ती रोज फोन बघते. दुसरीकडे कमी पगाराचं काम चालून आलं तर हो म्हणावं की थांबावं, हे तिला ठरवता येत नाही. तुम्ही गप्प बसलात त्याची किंमत ती मोजते, आणि तुम्हाला तिचं नावही माहीत नसतं.

मालकांनो, निवड न झालेल्यांना तुम्ही तरी कळवता का? एकाही मुलाखतीचा नकार ज्याच्यापर्यंत कधी पोचला नाही, तो मुलगा उत्तर न देणंच शिकणार. लेटरमध्ये उत्तराची शेवटची तारीख घाला, हातात पडणारी रक्कम घाला. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला तीच तारीख सांगा.

मुलांनो, नकार दोन ओळींत होतो: ‘सर, ऑफरबद्दल आभार. मी दुसरीकडे रुजू होतोय, ही जागा कृपया दुसऱ्या कुणाला द्या.’ ठरलं नसेल तर लिहा, ‘घरी बोलणं चाललंय, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सांगतो.’ आणि शुक्रवारी खरंच सांगा.

आत्ता कुणाकडे उत्तर न दिलेली ऑफर पडून असेल, तर चहाच्या वेळी फोन घेऊन माझ्याकडे या. मजकूर आपण मिळून लिहू.